एमबीबीएस, नर्सिंग, फिजिओ, फार्मसीच्या मुलांना ऑनलाइन एकत्र शिकवायचंय – सूचना हव्यात

नेरुळची_फिजिओ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजात फिजिओथेरपी शिकवते. पुढच्या सत्रात आम्ही वेगवेगळ्या कॉलेजांतले काही शिक्षक मिळून एक ऑनलाइन कोर्स सुरू करतोय. त्यात एमबीबीएस, बीएस्सी नर्सिंग, फिजिओ आणि फार्म डीची (फार्मसीतली एक पदवी) मुलं एकाच गटात असतील. सहा आठवडे, आठवड्याला साधारण तीन तास. आराखडा अजून कच्चा आहे, म्हणूनच इथे विचारतेय. आरोग्यक्षेत्रातले बरेच जण इथे आहेत आणि पेशंट म्हणून तर सगळेच कधी ना कधी वॉर्डात गेलेले असणार.

याला आंतरव्यावसायिक शिक्षण म्हणतात, बोलताना सगळे आयपीईच म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये याचा आराखडा काढला. त्यानुसार दोन किंवा अधिक पेशांचे विद्यार्थी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांबरोबर शिकले तरच ते आयपीई. एका हॉलमध्ये बसून एकाच सरांचं लेक्चर ऐकणं यात येत नाही. ब्रिटनमध्ये केप ही संस्था १९८७ पासून या विषयात काम करतेय. स्वीडनमध्ये लिंकोपिंगला १९९६ मध्ये वेगवेगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांनी, देखरेखीखाली, मिळून चालवायचा वॉर्डच सुरू झाला. आपल्याकडे मात्र ही मुलं एकाच आवारात शिकतात, एकाच कँटीनमध्ये चहा पितात आणि इंटर्नशिप लागेपर्यंत एकमेकांशी कामाचं एक वाक्य बोललेली नसतात.

कारणंही सरळ आहेत. प्रत्येक शाखेची परिषद वेगळी. नर्सिंगची परिषद १९४७ च्या कायद्याने आली, फार्मसीची १९४८ च्या, डॉक्टरांचं एनएमसी (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) २०२० पासून, आणि आम्हा फिजिओंना राष्ट्रीय पातळीवरचा कायदा मिळाला तो २०२१ मध्ये. परीक्षा वेगळ्या, पोस्टिंगच्या म्हणजे वॉर्डातल्या ड्यूटीच्या वेळा वेगळ्या. त्यात अंतर. आमच्या गटातली मुलं ठाणे, कळवा, नेरुळ, कामोठे अशी विखुरलेली आहेत. कळव्याच्या मुलीने ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर पकडायची, नेरुळला यायचं, तासभर चर्चा करायची आणि परत जायचं, हे आठवड्यातून एकदाही जमणार नाही. म्हणून ऑनलाइन.

माझे प्रश्न: सगळ्यांनी एकाच वेळी लाइव्ह यावं की आपापल्या वेळेने लिहावं? आणि माझी खरी काळजी ही, की एमबीबीएसची मुलं बोलणार आणि बाकीची मान हलवणार. ते कसं टाळायचं?

सानपाडा_लोकल

चांगला विषय. वाचतोय. माझी भाची नर्सिंगला आहे, तिलाही लिंक पाठवतो.

इंटर्न_कळवेकर

मॅडम, मी एमबीबीएस करून सध्या इंटर्नशिप करतोय. तुमची काळजी बरोबर आहे, आणि आमच्या बाजूने थोडं सांगतो.

२०१९ पासून जो नवा अभ्यासक्रम आला त्यात डॉक्टरच्या पाच भूमिका लिहिल्यात. त्यातली एक आहे आरोग्य-टीमचा नेता आणि सदस्य. नेता कसं व्हायचं हे कोणी ना कोणी सांगतंच. सदस्य कसं व्हायचं हे मला पहिल्यांदा कळलं ते मेडिसिन वॉर्डात नाइटला. एका पेशंटचं सगळं ठीक आहे असं मी लिहून निघालो होतो. सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, सकाळपासून यांनी लघवी केलेली नाही." मी तपासून पाहिलं होतं, छाती ऐकली होती, रिपोर्ट बघितले होते. पण बारा तास त्या माणसाच्या शेजारी वावरणारं माणूस काय बघतं, हा प्रश्नच मला साडेचार वर्षांत कोणी विचारला नव्हता.

त्यामुळे 'इतर पेशांचा आदर करा' अशी स्लाइड दाखवू नका. ती आम्ही पाठ करतो आणि विसरतो. त्या मुलीला जे माहीत आहे ते मला माहीत नाही आणि त्याशिवाय माझं अडतंय, असा प्रसंग समोर आणा.

निवृत्त_सिस्टर_नौपाडा

इंटर्न डॉक्टर, तुम्ही लिहिलंत ते वाचून बरं वाटलं.

माझी सगळी नोकरी वॉर्डात आणि ऑपरेशन थिएटरमध्ये गेली. धागाकर्त्या ताईंना एक सांगते. मुलींना फोनवर बोलायला शिकवा. रात्री दोनला डॉक्टरांना फोन करताना नवीन मुलगी म्हणते, "सर, पेशंट बरा वाटत नाहीये." समोरून उत्तर येतं, "बघतो." आणि फोन ठेवला जातो. चूक कोणाची म्हणायची? डॉक्टर छत्तीस तास जागा आहे, आणि मुलीला कोणी शिकवलेलंच नाही की काय सांगायचं.

एसबार म्हणून पद्धत आहे. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांतून ती दवाखान्यांत आली. आत्ता काय चाललंय, मागची हकीकत काय, मला काय वाटतं, मला तुमच्याकडून काय हवंय. चार वाक्यं. असं: "सर, ऑर्थो वॉर्डातून सिस्टर बोलतेय. सात नंबरच्या आजींचं बीपी अर्ध्या तासात ९० बाय ६० वर आलंय, नाडी १२४. आज सकाळी हिपचं ऑपरेशन झालंय, ड्रेसिंग भिजलंय. मला रक्तस्राव वाटतोय. तुम्ही लगेच या, आणि तोवर मी काय सुरू करू ते सांगा." असा फोन आल्यावर झोपलेला डॉक्टरही उठून बसतो.

तिसरं वाक्य सगळ्यात अवघड. 'मला रक्तस्राव वाटतोय' असं सिस्टरने म्हणायचं की नाही? आमच्या काळात म्हणायचं नाही असंच शिकवलं जायचं. निदान डॉक्टरांचं. एका ठिकाणी मी ते म्हटलं म्हणून राउंडला सगळ्यांसमोर ऐकूनही घेतलंय. पण सुचलेलं गिळून टाकायचं शिक्षण पेशंटला महागात पडतं. तुमच्या कोर्समध्ये ही मुलं एकमेकांना खरोखर फोन लावू देत. हे तर ऑनलाइन सहज होतं, कारण प्रत्यक्षातही तो फोनच असतो.

नेरुळची_फिजिओ

सिस्टर, ही शेवटची ओळ माझ्या डोक्यातच आली नव्हती. ऑनलाइन म्हणजे प्रत्यक्षाची कमअस्सल आवृत्ती असं आपण धरून चालतो. पण ड्यूटी बदलतानाचा निरोप, रात्रीचा फोन, रेफरलची चिठ्ठी, टेलिकन्सल्टेशन, हे काम असंही समोरासमोर होत नाही. ते शिकवायला स्क्रीन चालते, उलट जास्तच चांगली.

घोडबंदरकर

मी सार्वजनिक आरोग्यात काम करतो. उत्साहावर पाणी टाकायचं नाही, पण पुराव्याबद्दल बोलायला हवं.

कॉक्रेनने (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) २०१३ मध्ये आयपीईचा आढावा घेतला तेव्हा त्यांच्या निकषांत बसणारे फक्त १५ अभ्यास मिळाले. ७ मध्ये फायदा दिसला, ४ मध्ये संमिश्र निष्कर्ष, ४ मध्ये काहीच फरक नाही. ते अभ्यासही एकमेकांपासून इतके वेगळे की एकत्र करून ठाम बोलता येत नाही. त्यातही शिकणारे मुख्यतः आधीच काम करणारे लोक, विद्यार्थी नव्हेत. म्हणजे 'आयपीईने पेशंट वाचतात' असं छापील विधान करू नका.

दुसरं, बहुतेक कोर्स स्वतःला मोजतात ते मतं विचारून. १९९९ मध्ये पार्सेल आणि ब्लाय यांनी रिपल्स नावाची प्रश्नावली केली, एकत्र शिकायची तयारी किती हे बघायला. उपयोगी आहे. पण सहा आठवड्यांनी 'तुम्हाला इतर पेशांबद्दल आदर वाटतो का' विचारल्यावर नाही कोण म्हणेल? मोजायचंच तर वागणं मोजा.

निवृत्त_सिस्टर_नौपाडा

घोडबंदरकर, पुरावा मागता ते योग्यच आहे. पण थिएटरमधला एक पुरावा माझ्याकडूनही घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची सर्जरीची चेकलिस्ट २००८ मध्ये आली, १९ मुद्द्यांची. आठ शहरांत ती वापरून बघितली, त्यात आपली नवी दिल्लीही होती. मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ वर आलं, गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर. चीर देण्याआधी थांबायचं तेव्हा पहिला मुद्दा काय आहे माहितीये? टीममधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. एकदा तोंड उघडून नाव सांगितलेली मुलगी पुढे 'सर, स्पंज (रक्त टिपायचं कापड) कमी भरतोय' असंही म्हणू शकते.

घोडबंदरकर

मान्य. तो अभ्यास २००९ चा आणि तो भक्कम होता. पण तिथे कामाची पद्धत बदलली, शिक्षण नव्हे. शिक्षणाचा परिणाम वॉर्डापर्यंत पोचेपर्यंत मध्ये बरीच वर्षं जातात, म्हणून तर मोजणं अवघड आहे. कोर्स करू नका असं मी म्हणत नाहीये. आधी आणि नंतर काय मोजणार ते आत्ताच ठरवा, इतकंच.

वाशी_सेक्टर१७

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. बँकेत आहे. पण हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

माझ्या बाबांना पार्किन्सन्स आहे. मध्यंतरी न्यूमोनियामुळे ॲडमिट होते. (हॉस्पिटलचं नाव नको, तिथली माणसं मनापासून राबणारी होती.) तिथे त्यांची हालचाल एकदम खालावली. आहारतज्ज्ञ मॅडम येऊन म्हणाल्या, अशक्तपणा आहे, प्रोटीन वाढवा. मग नाश्त्याला दोन अंडी आणि दूध सुरू झालं. सकाळच्या गोळ्या नाश्त्याच्या ट्रेबरोबरच मिळत, वॉर्डाचा तसा नेम होता. फिजिओ सकाळी नऊला येत आणि बाबा लाकडासारखे ताठ असत, व्यायाम व्हायचाच नाही. ते फाइलमध्ये लिहीत, 'पेशंट सहकार्य करू शकत नाही.' ते वाचून न्यूरोच्या डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवला. मग दुपारी बाबांना भास व्हायला लागले.

एके दिवशी रजेवर गेलेल्या सिस्टरच्या जागी आलेल्या दुसऱ्या सिस्टरने मला सहज विचारलं, "काका ही गोळी घरी कशाबरोबर घेतात?" मी सांगितलं, घरी सकाळी उठल्याउठल्या रिकाम्या पोटी. त्या तडक डॉक्टरांकडे गेल्या. गोळीची वेळ बदलली, डोस पूर्ववत झाला, फिजिओंना उशिरा यायला सांगितलं. बाबा चालायला लागले.

मला आजही कोणावर राग नाही. प्रत्येकाने आपापलं काम बरोबरच केलं होतं. आहार बरोबर, वेळापत्रक बरोबर, नोंद बरोबर, डोस वाढवायचं कारणही बरोबर. आणि तरी माणूस पलंगाला खिळला होता. तुम्ही मुलांना काही शिकवणार असाल तर हे शिकवा, अशी विनंती आहे.

नेरुळची_फिजिओ

तुमचा प्रतिसाद मी आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर वाचून दाखवला. बाबांना नमस्कार सांगा. आता ते कसे आहेत?

वाशी_सेक्टर१७

बरे आहेत. संध्याकाळी मिनी सी-शोअरला एक फेरी होते.

फार्म_डी_कोपरखैरणे

सेक्टर१७, तुम्ही लिहिलेल्या प्रसंगामागचं कारण इथे लिहून ठेवते. लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सन्सवरचं नेहमीचं औषध, आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाताना ज्या वाटेने जातं, त्याच वाटेने प्रोटीनमधली काही अमिनो आम्लं जातात. दोघं एकत्र आली की गोळी मागे पडते. म्हणून साधारणपणे खाण्याआधी अर्धा ते एक तास द्यायला सांगतात. यावरून कोणी घरच्या पेशंटचं प्रोटीन बंद करू नका, त्यांना त्याची गरज असतेच. बदल करायचा तो वेळेत, आणि तोही डॉक्टरांना विचारून.

फार्म डी आपल्याकडे २००८ मध्ये सुरू झालं. सहा वर्षांचा कोर्स, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. तरी वॉर्डात आम्हाला विचारतात, "तुम्ही नक्की कोण? मेडिकल स्टोअरवाले का?" त्यामुळे कोर्समध्ये पहिल्याच आठवड्यात प्रत्येक शाखेच्या मुलांनी आपण काय शिकलो, काय करू शकतो आणि काय करायची आपल्याला परवानगी नाही, हे बाकीच्यांना सांगावं. ते ऐकायच्या आधी बाकीच्यांनी आपला अंदाज लिहून ठेवावा. दोन्ही शेजारी ठेवले की पुढची चर्चा आपोआप सुरू होते.

आणि एक केस सुचवते. इन्सुलिन. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिट प्रति मिलिलिटरचं असतं आणि पेनच्या काट्रिजमधलं १०० चं. सिरिंजही दोन प्रकारच्या, लाल टोपणाची ४० ची, केशरी टोपणाची १०० ची. आता कल्पना करा, वॉर्डात पेन बिघडलं, कोणीतरी काट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत औषध ओढलं. अर्धा मिलिलिटर. पेशंटला मिळाले ५० युनिट, अडीच पट. डॉक्टरने ऑर्डर बरोबर लिहिली, सिस्टरने खूण बरोबर पाहिली, फार्मसीने मागितलं ते दिलं. या केसमध्ये टोपणाचा रंग एका मुलाला माहीत हवा, काट्रिजचं लेबल दुसऱ्याला, पेशंट सकाळी जेवला की नाही हे तिसऱ्याला आणि घाम फुटून व्यायाम अर्ध्यात थांबला हे फिजिओला.

नेरुळची_फिजिओ

हेच! आमचा आराखडा आता यावर उभा करायचा असं वाटतंय. प्रत्येक गटाला एकच पेशंट, पण केसशीट फोडून द्यायची. नर्सिंगच्या मुलीकडे टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास यांची नोंद) आणि औषधं प्रत्यक्ष दिल्याच्या वेळा. फार्म डीकडे औषधांची यादी आणि पॅकिंगचे फोटो. फिजिओकडे हालचालीची तपासणी. एमबीबीएसकडे हिस्ट्री, रिपोर्ट आणि निदान. दुसऱ्याच्या भागातलं विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि चारही भाग जुळल्याशिवाय पेशंटला काय होतंय ते उलगडणार नाही. सेक्टर१७, तुमची परवानगी असेल तर पार्किन्सन्सची केस सगळे तपशील बदलून पहिली ठेवते.

वाशी_सेक्टर१७

आनंदाने. घरचं माणूस काय सांगतं त्याचाही एक कागद ठेवा त्यात. तो कोणाकडेच द्यायचा नाही. जो विचारेल त्याला मिळेल.

नेरुळची_फिजिओ

ठेवते. नक्की ठेवते.

मुरबाडची_नर्सिंग

मी बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ठाण्यात हॉस्टेलला राहते. सानपाडा_लोकल माझे मामा, त्यांनी लिंक दिली. इथे पहिल्यांदाच लिहितेय.

आमचं असं असतं की सकाळी सातला पोस्टिंग, दुपारी क्लास, कधी नाइट. लाइव्ह ठेवलंत तर अर्ध्या मुली जोडलेल्या असतील पण झोपेत. हॉस्टेलचं वायफाय संध्याकाळी सगळे वापरतात तेव्हा व्हिडिओ चालत नाही.

पण मला दुसरंच सांगायचं आहे. दहावीपर्यंत माझं शिक्षण मराठीत झालं. वॉर्डात मी नीट काम करते, इंजेक्शन देताना माझा हात थरथरत नाही. पण एका वेबिनारला वेगवेगळ्या कॉलेजची मुलं होती, सगळे फाडफाड इंग्रजी बोलत होते. मला उत्तर येत होतं आणि मी माइक उघडला नाही. नंतर चॅटमध्ये लिहिलं, तर मॅडमनी तेच उत्तर सगळ्यांना वाचून दाखवलं. लिहिताना मला वेळ मिळतो. शब्द शोधता येतो, वाक्य परत वाचता येतं. तेव्हा तुम्ही लिहायचं ठेवा. आणि मराठीत लिहिलं तरी चालेल असं पहिल्याच दिवशी सांगा. शेवटी पेशंटशी सगळ्यांना मराठीतच बोलायचंय, डॉक्टरांनासुद्धा.

इंटर्न_कळवेकर

मुरबाडची, तुझं अगदी बरोबर आहे. आमच्या बॅचमध्ये बाहेरच्या राज्यांतली मुलं आहेत, त्यांना 'पोटात गोळा येतो' म्हणजे काय हे सिस्टरना विचारावं लागतं. त्या गटात तू असलीस तर पेशंटची हिस्ट्री तूच घेशील.

ऐरोली_आयटी

मी शिक्षणासाठीची सॉफ्टवेअर बनवतो. मुरबाडच्या ताईने लिहिलंय त्याला माझा पूर्ण पाठिंबा. आपापल्या वेळेने लिहायचं आणि आठवड्यातून एकदाच, पाऊण तासाचं लाइव्ह. लाइव्हमध्ये शिकवू नका, फक्त गटाने निर्णय घ्यायचा.

गट सहा ते आठ जणांचा ठेवा. त्याहून मोठा झाला की दोघं लिहितात आणि बाकीचे अंगठा दाखवतात. प्रत्येक शाखेची निदान दोन मुलं एका गटात असू देत, एकटं पडलेलं माणूस गप्प होतं. आणि गटाबरोबर रोज वावरणारा एक शिक्षक लागतोच. गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी २००० मध्ये ऑनलाइन शिकण्याबद्दल मांडणी केली, ती अजून वापरतात. विचार करायला लावणारं काम हवं, माणसं माणसांसारखी जाणवायला हवीत आणि शिक्षक हजर आहे हे कळायला हवं. तिसरं काढलं की पहिली दोन पडतात. साहित्य चढवून शिक्षक गायब, असे कोर्स मी खूप बघितलेत. दुसऱ्या आठवड्यात तिथे शुकशुकाट असतो.

व्हॉट्सअॅप आठवण करून द्यायला ठीक, चर्चेला नको. तिथे धागा हरवतो. मूडल हे ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि साध्या फोनवर चालतं. खऱ्या पेशंटचा फोटो, रिपोर्ट, नाव काहीही तिथे येऊ देऊ नका. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी नको.

बीएएमएस_डोंबिवली

आम्ही आयुर्वेदाचे डॉक्टर कुठे आहोत यात? प्राथमिक आरोग्य केंद्रांत, उपकेंद्रांत आमचीच माणसं बसलेली असतात आणि रेफरलची चिठ्ठी तिथूनच येते. तुमचा पेशंट शहापूरच्या पाड्यावर घरी परत जातो, तेव्हा आशाताई आणि आम्ही त्याला बघतो.

नेरुळची_फिजिओ

रास्त आहे. पहिल्या फेरीत चारच शाखा झेपतील. पण शेवटच्या केसमध्ये पेशंट डिस्चार्ज होऊन गावी जातो. ती केस लिहिताना तुमची मदत घेतली तर चालेल का?

बीएएमएस_डोंबिवली

हो, पाठवा. मी वाचून देईन.

स्पीच_थेरपिस्ट_पाचपाखाडी

थोडं उशिरा लिहितेय. आमची नोंदणी पुनर्वसन परिषदेकडे, १९९२ च्या कायद्याखाली, म्हणून तुमच्या कुठल्याच यादीत आम्ही सहसा येत नाही. पण स्ट्रोकचा पेशंट शुद्धीवर आला की नातेवाईक पहिलं काय करतात? चमच्याने चहा पाजतात. गिळायची तपासणी व्हायच्या आधी. चहा श्वासनलिकेत गेला की न्यूमोनिया. काहींना तर ठसकाही लागत नाही, म्हणून कळतही नाही. पेशंटला बसवतो फिजिओ, भरवते सिस्टर, पातळ की घट्ट हे ठरवते आहारतज्ज्ञ, गोळी कुटून द्यायची की नाही हे सांगतो फार्मासिस्ट. दुसरी केस ही घ्या, मी एखाद्या लाइव्हला येऊन मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देईन.

फार्म_डी_कोपरखैरणे

घ्याच. कुटून चालत नाहीत अशा गोळ्यांची यादी मी देते. सावकाश विरघळणारी गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम जातो, हे नर्सिंगच्या मुलींना कोणी सांगत नाही आणि एमबीबीएसच्या मुलांनाही नाही.

घोडबंदरकर

आता आराखड्याला आकार आलाय. त्यात एक भर. १९५४ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने मांडलं होतं की दोन गट नुसते एकत्र आणून पूर्वग्रह जात नाहीत. दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, ते एकमेकांच्या मदतीनेच गाठता यायला हवं आणि वरिष्ठांचा पाठिंबा हवा. फोडलेल्या केसशीटने मधल्या दोन अटी पूर्ण होतात. समान दर्जासाठी गटाचं नेतृत्व दर आठवड्याला फिरतं ठेवा, आणि स्क्रीनवर नाव दिसताना कॉलेजचं नाव दिसू देऊ नका. चौथ्या अटीचं काय? तुमच्या प्राचार्यांनी हे सहा आठवडे पोस्टिंगच्या तासांत धरलेत का?

नेरुळची_फिजिओ

दोन कॉलेजांनी तास दिलेत. दोघांनी 'मुलांनी आपल्या वेळेत करावं' म्हटलंय. नर्सिंगच्या मुलींचा वेळ त्यातच बसवायचा असेल तर ते अन्यायाचं होईल. मी पुन्हा भेटायला जाणार आहे, या धाग्याची प्रिंट घेऊन.

निवृत्त_सिस्टर_नौपाडा

जाताना हेही सांगा की आठवडे संपल्यावर एक अर्धा दिवस सगळ्यांनी खऱ्या वॉर्डात एकत्र यावं. स्क्रीनवर फोन शिकता येतो, निरोप शिकता येतो. पण पेशंटला कुशीवर वळवताना दोन माणसांचे हात एका वेळी उचलले जायला हवेत, ते स्क्रीनवर येत नाही. आणि सहा आठवडे ज्याच्याशी लिहून भांडलो तो माणूस प्रत्यक्षात भेटावा.

इंटर्न_कळवेकर

मॅडम, मार्कांचं काय? मार्क नसले तर आमची मुलं येणार नाहीत, खरं सांगतो. परीक्षा जवळ आली की आधी हेच सुटतं.

घोडबंदरकर

मार्क दिले की मुलं मार्कांसाठी गोड बोलतील. त्यापेक्षा असं करा. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने एसबारने एक निरोप फोनवर रेकॉर्ड करून पाठवायचा. सहाव्या आठवड्यात तशाच दुसऱ्या पेशंटचा. कुठला आधीचा, कुठला नंतरचा हे न सांगता दोन बाहेरच्या परीक्षकांनी ऐकून तपासायचं. वागणंही मोजलं जाईल आणि मुलालाही स्वतःत काय बदललं ते ऐकू येईल. प्रमाणपत्र दोन्ही रेकॉर्डिंग आणि वॉर्डातला अर्धा दिवस पूर्ण करणाऱ्याला. परीक्षक म्हणून मी एक, सिस्टर तयार असतील तर त्या दुसऱ्या.

निवृत्त_सिस्टर_नौपाडा

तयार. पण मी कडक आहे. तिसरं वाक्य ज्याने गाळलं त्याला परत रेकॉर्ड करायला लावीन.

नेरुळची_फिजिओ

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते इथेच नोंदवते म्हणजे नवीन वाचणाऱ्यांना सोपं जाईल. गट आठ जणांचे, प्रत्येक शाखेची दोन मुलं. लिहून चर्चा, मराठी-इंग्रजी दोन्ही चालेल, आठवड्यातून एकदा पाऊण तास लाइव्ह आणि तेही नाइट ड्यूटीवाल्यांना जमेल अशा वेळी. केसेस चार: पार्किन्सन्स, स्ट्रोकनंतरचं गिळणं, इन्सुलिन, आणि गावी गेलेला पेशंट. पहिला आठवडा एकमेकांची ओळख आणि पहिलं रेकॉर्डिंग, शेवटचा आठवडा दुसरं रेकॉर्डिंग, मग वॉर्ड.

फार्म_डी, लाल आणि केशरी टोपणाचे फोटो जवळून काढून पाठवाल का? सिरिंजवरच्या खुणा वाचता आल्या पाहिजेत. मुरबाडची, पहिली केस तयार झाली की तुला वाचायला देते. कुठे अवघड वाटतं ते सांग.

मुरबाडची_नर्सिंग

हो मॅडम. या आठवड्यात नाइट आहे, दुपारी वाचीन.